तीन नंबरचा ठोका

८ जानेवारी

मेहुणेबुवा,

नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही पाठवतोय, जो लागू पडेल तो घे. फोन न करता पत्र लिहितोय ते तुझ्या गॅरेजमुळे. परवा फोन केला तेव्हा तुझ्याकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तू दर वाक्याला ‘हो हो, आलं लक्षात’ म्हणालास आणि शेवटी विचारलंस, ‘पण कोण बोलतंय?’ शिवाय लिहिलेल्याची नोंद राहते. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला निरीक्षणाचा तक्ता असल्याशिवाय घास उतरत नाही.

तक्रार अशी. सकाळी गाडी सुरू केली की इंजिन थरथरतं. चार ठोक्यांतला एक गाळतं. समोरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. तू दिलेलं ते स्कॅनरचं यंत्र जोडलं तर ते दरवेळी एकच सांगतं: तीन नंबरचा सिलिंडर पेटत नाही. बॉनेट उघडून मी काही काढघाल केली की गाडी सुतासारखी सरळ येते. आठ-दहा दिवस शहाण्यासारखी वागते, मग पुन्हा तेच रडगाणं.

तारखा: १० डिसेंबर, १९ डिसेंबर, २७ डिसेंबर, ५ जानेवारी. पेट्रोल प्रत्येक वेळी अर्ध्याच्या वर. चारही वेळा आम्ही कुठेतरी निघालो होतो. इंजिनालाही आमच्या नातेवाइकांचा कंटाळा आलेला दिसतो.

तुझी ताई बरी आहे. टॉर्च धरून उभी राहते, तीस वर्षं राहते आहे. तिच्याइतका न हलणारा हात मी प्रयोगशाळेतल्या स्टँडचाही पाहिला नाही. सध्या जरा गप्प असते. माझे धुतलेले सदरे इस्त्रीसाठी बाहेर देते, हे नवीनच काढलंय. मी निवृत्त झाल्यावर माझा रुबाब वाढवायचं तिनं मनावर घेतलं असावं.

उपाय कळव.

तुझा,
भाऊजी

१९ जानेवारी

ती. भाऊजींना बारक्याचा साष्टांग नमस्कार.

तक्ता पाहून ऊर भरून आला. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, ‘काहीतरी घुर्रघुर्र करते, बघा.’ तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मी गॅरेजला दवाखान्याची पाटी लावीन.

नीट ऐका. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल बसलेली असते, ती ठिणगी देते. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरवर लावा, एकची तीनवर. आता दोष एक नंबरवर गेला तर कॉइल मेली. तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लगांची तशीच अदलाबदल करा. त्यानंतर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम हलवल्या की चोर कोण ते कधीच कळत नाही, हे तुम्हीच मला दहावीत शिकवलं होतं, ते लिटमसच्या बाबतीत होतं एवढंच.

आणि ठोका चुकत असताना गाडी फिरवू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धुराच्या नळीतला भाग जाळतं.

ताईला सांगा, गप्प राहणं तिला शोभत नाही. लहानपणी माझ्या वाट्याचंही तीच बोलायची.

आपला,
बारक्या

६ फेब्रुवारी

मेहुणेबुवा,

हात टेकले.

२१ जानेवारीला कॉइल बदलल्या. गाडी झकास. तुझ्या नावानं चहा घेतला. २९ ला पुन्हा थरथर, आणि दोष तीनवरच. म्हणजे कॉइल निर्दोष. त्याच दिवशी प्लग बदलले, पुन्हा झकास. ५ फेब्रुवारीला पुन्हा तीन. काल इंजेक्टर काढून साफ केला आणि ती पुन्हा गोगलगाईसारखी गरीब झाली.

मी जे करीन त्यानं गाडी बरी होते आणि कशानंच बरी राहत नाही. असा रोग मी पाहिला नाही. काल स्पॅनर हातातून दोनदा निसटला. तुझी ताई म्हणाली, ‘राहू द्या आता.’ असं ती पूर्वी कधी म्हणत नसे. माझेच हात गेलेत का रे? कॉइल बसवताना मीच काही अर्धवट ठेवतो का? खरं सांग, मला राग येणार नाही.

भाऊजी

१५ फेब्रुवारी

ती. भाऊजींना,

तुमच्या हातांना काही झालेलं नाही. झालं असेल तर ते वायरीच्या टोकाला असलेल्या सॉकेटला. हे सॉकेट कॉइलवर टक्‌ करून बसतं, त्याला एक बारीक कळ असते. ती झिजली की सॉकेट धक्क्यानं हळूहळू मागे सरकतं, वरून बघितलं तर जागच्या जागी दिसतं आणि आत मात्र टेकलेलं नसतं. तुम्ही कॉइल, प्लग, काहीही काढा, परत लावताना सॉकेट आपोआप नीट दाबलं जातं. म्हणून दरवेळी गुण येतो.

तीन नंबरच्या सॉकेटला प्लास्टिकची पट्टी करकचून बांधा आणि टोक कापून टाका. कात्रीशिवाय ती सुटायची नाही. पैज लावतो, रोग गेला.

आपला,
बारक्या

२३ फेब्रुवारी

बारक्या,

तू जिंकलास बाबा पैज. ह्यांनी पट्टी बांधली, दोन बांधल्या, आणि आज सकाळी मी बॉनेटखाली वाकून बघते तर मला काही करता येईना.

हो, मीच. दोन-अडीच महिने मीच करतेय. तीस वर्षं टॉर्च धरला, त्यात एवढं तरी शिकलेच की काय ओढलं तर काय बंद पडतं. तीन नंबरचंच का, तर माझा हात तिथेच पोचतो, बाकीच्यांवर ती नळी आडवी येते. सॉकेट पूर्ण काढत नाही, कळ दाबून अर्ध्या पेराइतकं मागे घेते. हे कुठे जायचं म्हणाले की सकाळी हे आंघोळीला गेल्यावर जाऊन येते. मग हे बिचारे बाहीपर्यंत काळे होईतो खपतात, मी टॉर्च धरते आणि माझ्याच पापावर उजेड पाडते.

कारण असं की ह्यांना उजव्या कडेचं दिसत नाही. टेबलावर त्यांच्या उजव्या हाताला पाण्याचा पेला ठेवला तर चाचपडतात. दार उजवीकडून उघडलं तर दचकतात. डोळे दाखवा म्हटलं तर म्हणतात, चष्मा जुना झालाय. गाडी नका चालवू म्हणायची माझी छाती होत नाही. शाळा सुटली, प्रयोगशाळा सुटली, आता एक गाडीच काय ती त्यांची राहिली आहे. आणि ते कुणाला तरी धडकले तर?

पण आता ते स्वतःच्या हातांकडे बघत बसतात. परवा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर म्हणाले, ‘दुकानात दे, माझ्याच्यानं व्हायचं नाही.’ हे माझ्यामुळे झालंय. मला जेवण जात नाही.

फोन करू नकोस, घर दोन खोल्यांचं, सगळं ऐकू जातं. उत्तर शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नावानं. आणि ती पट्टी सोडायला सांग काहीतरी कारण काढून.

ताई

३ मार्च

ताई,

पत्र वाचून आधी हसलो, मग मला माझीच लाज वाटली. गावभर मी सांगत सुटलोय की पत्रातून इंजिन दुरुस्त करतो. माझी सख्खी बहीण तिकडे वायरी ओढतेय!

पट्टी सोडायला सांगणार नाही. ताई, त्या माणसानं मला विचारलं होतं, ‘माझेच हात गेलेत का रे?’ मी ते पत्र दोनदा वाचलं. तू डोळे वाचवायला गेलीस आणि हात घेतलेस. आता थांब. मला शब्द दे की बॉनेटला हात लावणार नाहीस. त्यांना समोर बसव आणि सांग, दिसत नाही तुम्हाला, गाडी बंद. रागावतील, दोन दिवस जेवणार नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवतील.

तेवढ्यापुरतं मीही एक पाप केलंय. त्यांना काल लिहिलं की धुराच्या नळीतला भाग कदाचित जळायला आलाय, मी येईपर्यंत गाडी फार फिरवू नका. तसं काही नसणार. आयुष्यात पहिल्यांदा गाडीबद्दल खोटं बोललो आणि तेही भाऊजींशी.

पण मला एक सांग. तू भित्री कधीच नव्हतीस. आपल्या वडिलांना तोंडावर सांगायचीस, तुमचं चुकलं. पाण्याच्या पेल्यावरून तू एवढं नाटक करशील हे मला पटत नाही. अजून काय आहे?

बारक्या

१४ मार्च

बारक्या,

शब्द दिला. तुझं पत्र आल्यापासून मी बॉनेटच काय, गाडीच्या त्या बाजूलाही गेले नाही.

अजून आहे ते सांगते. सांगितल्याशिवाय आता माझी सुटका नाही.

ऑक्टोबरात, भर दुपारी, बाजारामागच्या चौकात हे उजवीकडे वळले. तिकडून एक बाई सायकलवर येत होती, मागे कपड्यांचं गाठोडं. मला ती दिसली. मी ओरडेपर्यंत गाडीचा कोपरा तिच्या मागच्या चाकाला लागला. ठक्‌ असा आवाज आला. मी मान वळवून पाहिलं, ती रस्त्यावर बसली होती, हात पोटाशी धरून, आणि इस्त्री केलेले पांढरे शर्ट सगळीकडे पसरले होते. ह्यांनी विचारलं, ‘खड्डा होता ना?’ मी म्हटलं, ‘हो, खड्डाच.’

दोन शब्द बोलले रे. ‘थांबा’ हा एक शब्द बोलायला हवा होता तर दोन बोलले. का, ते मला अजून कळत नाही. ह्यांचा चेहरा पाहिला आणि तोंडातून तेच निघालं. मग पुढच्या चौकापर्यंत वाटत राहिलं, आता सांगू, आता सांगू. घर आलं. चहा टाकला.

मी तिला शोधून काढलं. पुलापलीकडच्या लाँड्रीतली आहे. मनगट मोडलं होतं, वाकडं बसलंय. आता सायकल चालवता येत नाही म्हणून घरोघर कपडे पोचवायचं काम गेलं, मागे घड्या घालत बसते, एका हातानं. मालक तिला सगळ्यांसमोर ‘धडपडी’ म्हणतो. ती हसते. मी दर आठवड्याला ह्यांचे सदरे तिथे नेते. घरी आणून, ह्यांनी घातलेले असोत-नसोत, पाण्यात बुचकळते, वाळवते आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवते. ती म्हणते, ‘काकू, तुमच्या साहेबांना इस्त्रीची फार हौस दिसते.’ मी मान हलवते. दर वेळी ठरवून जाते की आज सांगायचं, आणि पावती घेऊन परत येते.

ह्यांना सांगितलं तर ते मोडून पडतील. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकसुद्धा नाही.

ताई

२९ मार्च

मेहुणेबुवा,

तुझ्या पट्टीचा विजय असो. तीन नंबर ठणठणीत आहे. आता ऐक: २० मार्चला एक नंबर गेला. २२ ला त्याची कॉइल काढून बसवली, ठीक. २६ ला चार नंबर. काल दोन नंबर. दोष घर बदलत फिरतोय. तक्त्यात नवा रकाना आखला आहे.

२१ ला जुन्या मुख्याध्यापकांच्या सत्काराला आमच्यातल्या चौघांना घेऊन जायचं होतं, ते अर्थात राहिलं. ते बसनं गेले. मी गेलोच नाही.

तू नळीतला भाग जळेल म्हणालास ते लक्षात आहे. त्यामुळे गाडी बंदच ठेवतो. उत्तराची घाई नाही. तुझी कामं आटप, महिना-दोन महिने लागले तरी चालतील. वाटलं तर पावसाळा संपल्यावर बघू.

घड्याळ मी दुरुस्त केलं. एक दातेरी चाक अडकलं होतं.

भाऊजी

५ एप्रिल

ताई,

एक, चार आणि दोन. आता हात त्या नळीखालून जायला लागला वाटतं.

तू शब्द दिला होतास. तुझं आधीचं पत्र वाचून माझं दोन दिवस कामावर चित्त नव्हतं, गिऱ्हाइकाच्या गाडीत तेल घालायचं विसरलो. मला वाटलं, माझी बहीण रडतेय, तिला जपायला हवं. आणि तू तिकडे उरलेली सॉकेटं मोजत होतीस! त्या बाईचं मनगट, भाऊजींचे हात, आता मला दिलेला शब्द. अजून किती जणांना वाकवणार आहेस?

मी त्यांना सगळं लिहून टाकणार आहे. मग माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

बारक्या

१२ एप्रिल

बारक्या,

मी हात लावलेला नाही.

तुझ्याशी खोटं बोलायचं असतं तर बाजारामागच्या चौकाचं लिहिलं नसतं. पण एकदा खोटी ठरलेल्या बाईनं खरं सांगितलं तरी ते कुणी का ऐकावं, हेही मला कळतं. तेव्हा तुझ्यावर राग नाही.

उलट मला वाटलं की गाडी खरंच बिघडली आणि देवानं माझं काम हातात घेतलं. मी बॉनेटजवळ असण्याचा प्रश्नच येत नाही. ह्यांनी मला टॉर्च धरायला बोलावणंही बंद केलंय. म्हणतात, ‘तू बस, उजेड पुरेसा आहे.’ तीस वर्षांत पहिल्यांदा. मी खोलीत बसून ऐकते. त्यांचा माझ्यावरचा विश्वासच उडाला असेल तर ते मला मिळायलाच हवं होतं.

ताई

१८ एप्रिल

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार.

आधी माझा गुन्हा. धुराच्या नळीतला भाग जळायला आलाय असं मी लिहिलं ते खोटं होतं. तुम्ही गाडी काढू नये म्हणून लिहिलं. माफ करा.

दुसरं. तुमचे सगळे तक्ते भिंतीवर लावून काल अर्धा दिवस बघत बसलो. माझा कारागीर म्हणाला, ‘शेट, लग्नासाठी पत्रिका जुळवताय का?’ फेब्रुवारीपर्यंतचा दोष कुणाचा ते मला ठाऊक आहे आणि मला वाटतं तुम्हालाही आहे. पट्टीनंतर तिनं हात लावलेला नाही. मी तिला नको ते बोललो, तिनं शपथ न घेता नुसतं ‘नाही’ म्हटलं. मी तिला लहानपणापासून ओळखतो, शपथ घेते तेव्हा ती खोटं बोलते.

इंजिनाचा दोष असा फिरत नाही, भाऊजी. कॉइल मेली तर त्याच जागी मेलेली राहते, वायर तुटली तर तीच तुटते. एक, मग चार, मग दोन, आणि दर वेळी हात लावताच बरा. पट्टी बांधलेला तीन तेवढा सुखरूप. असा दोष बॉनेटच्या बाहेरून येतो. घरात माणसं दोन. एक टॉर्चसुद्धा न धरता खोलीत बसलेली.

‘उत्तराची घाई नाही’ असं तुम्ही लिहिलंत. नादुरुस्त गाडीच्या मालकानं असं लिहिलेलं मी आजवर वाचलं नाही.

तुम्हाला गाडी चालवायची नाहीये का? नसेल तर माझी काहीच हरकत नाही. पण ते तिला सांगा. ती तुमच्यापासून काहीतरी लपवून आतून पोखरली गेली आहे. काय ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे.

आपला,
बारक्या

२ मे

मेहुणेबुवा,

तुझं पत्र मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘घरात माणसं दोन’ इथे आल्यावर मी कागद तिच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचलं.

तुझा हिशेब बरोबर आहे. तिचं मला जानेवारीतच कळलं. २९ तारखेला प्लग काढताना सॉकेटच्या खालच्या अंगाला पिठाळ अंगठ्याचा ठसा होता. मी तो फडक्यानं पुसला आणि गप्प बसलो. तरी तुला ‘माझेच हात गेलेत का’ असं लिहिलं, ते निव्वळ नाटक होतं आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागतो. तू किती मनापासून उत्तर दिलंस. मला तिचा राग नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मला जे बोलायचं धाडस नव्हतं ते ती दर वेळी माझ्यासाठी करत होती आणि मला फक्त काळे हात करून फिरायचं होतं.

मग तुझी पट्टी आली. बांधली नसती तर तुला काय कळवणार? बांधली. तिनंही सोडून दिलं. २० मार्चला सकाळी गाडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी चौघांना न्यायचं कबूल केलेलं. मी तिची वाट पाहिली. ती स्वयंपाकघरातून हलेना. तेव्हा मी स्वतः जाऊन एक नंबर ओढला.

मला उजव्या कडेचं दिसत नाही हे मला माहीत आहे. नोव्हेंबरात मी एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही आणि गाडी चालवायची नाही. तो कागद माझ्या जुन्या तक्त्यांच्या वहीत आहे, कुणी उघडत नाही तिथे.

नोव्हेंबरात का गेलो, ते आता लिहितो. माणूस वस्तू मोजण्यात आयुष्य घालवतो तेव्हा त्याला काही गोष्टी कळतातच. चाक खड्ड्यात गेलं तर गाडी आधी खाली जाते, मग वर येते. त्या दिवशी ती खाली गेलीच नाही. बाजूनं ठक्‌ झालं. मी आरशात पाहिलं आणि रस्त्यावर पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं. ते काय आहे हे बघायला दुसऱ्यांदा आरशात पाहायचं होतं, मी पाहिलं नाही. मी तिला विचारलं, ‘खड्डा होता ना?’ तिला एकच उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला. खोटं माझं होतं, मी ते फक्त तिच्या तोंडून वदवून घेतलं. आणि सहा महिने तिला वाटत राहिलं की ते तिचं आहे.

हे सगळं सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. म्हणाली, ‘म्हणजे तुम्हीही?’ मग ती खाली बसली आणि इतकी रडली की मला तिला हात लावायची भीती वाटली. तिला सर्वांत जास्त कशाचा राग आला, सांगू? सदऱ्यांचा. म्हणाली, ‘ते धुतलेले सदरे मी पुन्हा पुन्हा भिजवत होते आणि तुम्ही मुकाट्यानं घालत होतात.’

काल सकाळी आम्ही लाँड्रीत गेलो, पायी. मालक म्हणाला, ती आज घरी आहे, हात दुखतोय. पत्ता घेतला. घर लहान आहे, एका गल्लीत तिसरं. तिनंच दार उघडलं. तुझ्या ताईला पाहून हसली. म्हणाली, ‘काकू, सदरे इथे आणलेत?’

मी सांगितलं. तिथेच उंबऱ्यावर उभं राहून. तारीख, चौक, गाडीचा रंग, कोपरा, आरसा. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल किंवा रडेल, दोन्हीची मनाशी तयारी करून गेलो होतो. ती वाकड्या मनगटावरून दुसरा हात फिरवत उभी राहिली. मग विचारलं, ‘थांबला का नाहीत?’ उत्तराची वाट न बघताच ती म्हणाली, ‘मी सहा महिने सांगतेय की गाडीनं उडवलं. घरात कुणाला पटत नाही. म्हणतात, स्वतःच पडली असशील, लक्ष कुठे असतं तुझं. मालक तर नावच ठेवून मोकळा झाला. आता मलाही वाटायला लागलं होतं की मीच पडले असेन.’

हे मला ठाऊक नव्हतं. मनगटाचं तुझ्या ताईनं सांगितलं होतं, त्याची शिक्षा मी मनात मोजून ठेवली होती. हे मोजलेलं नव्हतं.

मी म्हटलं, उद्या पोलीस चौकीत जातो, लिहून देतो. ती म्हणाली, ‘ते जा. आधी आत या आणि माझ्या सासूसमोर सांगा.’

आत गेलो. सासूबाई खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं, ही पडली नाही, मी पाडलं. त्यांनी कानाला हात लावला. त्यांना कमी ऐकू येतं. मी पुन्हा सांगितलं, ओरडून. बाहेर गल्लीत माणसं थांबली. सासूबाई म्हणाल्या, ‘आँ?’ ती बाई भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती. तिसऱ्या वेळी माझा आवाज फुटेना, तेव्हा तुझी ताई पुढे झाली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलली.

भाऊजी